खोडलेलं उत्तर

टेबलावर सतरा उत्तरपत्रिका होत्या आणि सतराही एकाच प्रश्नापाशी उघडून ठेवल्या होत्या.

"वाचा," परीक्षा मंडळाचे चौकशी अधिकारी तांबोळी साहेब म्हणाले. "सावकाश वाचा."

मी पहिली उचलली. बीजगणिताचा पेपर, अवयव पाडा, २७x³ + ८y³. दोन घनांची बेरीज, म्हणजे दहावीच्या पोरांना झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हवं असं गणित. पहिला कंस बरोबर होता, (३x + २y). दुसऱ्या कंसात मात्र मधलं पद उणे सहा xy यायला हवं, तिथं उणे बारा xy लिहिलं होतं. आणि मग त्या कंसाचा पूर्ण वर्ग केलेला, (३x − २y)². खाली दोन रेघा मारून उत्तर.

दुसरी उचलली, तिसरी उचलली. तेच उणे बारा, तोच पूर्ण वर्ग, त्याच दोन रेघा. अक्षरं वेगळी होती, पण ती माझ्या ओळखीची होती. गेली दोन वर्षं मी हीच अक्षरं तपासत होते.

"मुलं चुकतात," साहेब म्हणाले. "कुणी चिन्ह चुकतं, कुणी घात चुकतं. पण एका शाळेची सतरा मुलं एकाच जागी, एकाच आकड्यानं चुकतात, असं मी चोवीस वर्षांत पाहिलं नाही. तुमच्या वर्गात हे असं शिकवलं गेलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. क्षणभरही थांबले नाही. "मी असं शिकवलेलं नाही."

त्यांनी एक कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी म्हटलं तसंच लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. १६ मे १९८९. सही करताना मला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. माझ्या शिकवण्यावर कुणी बोट ठेवू नये, एवढंच त्या घडीला माझ्या डोक्यात होतं.

साहेबांनी कागद वाचला आणि फायलीत लावला. "म्हणजे हे वर्गातून आलेलं नाही," ते म्हणाले. "मग ते परीक्षेच्या खोलीत बाहेरून आलं."

माझ्या शेजारी आमचे मुख्याध्यापक बडगुजर सर बसले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. माझ्या सहीनं काय केलं ते तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

आमची शाळा तापीकाठच्या एका गावात होती. गावाचं नाव सांगत नाही, ती माणसं अजून तिथं आहेत. मी पंचवीस वर्षांची होते, धुळ्याहून नोकरीसाठी आले होते आणि माझी नेमणूक अजून कच्ची होती. दोन वर्षं पूर्ण झाली की संस्था कायम करते किंवा घरी पाठवते. माझी दोन वर्षं जूनमध्ये भरत होती. परीक्षेचं केंद्र दहा मैलांवर दुसऱ्या गावी होतं. तिथं खिडकीतून कुणीतरी उत्तरं सांगितली अशी एक निनावी तक्रार मंडळाकडे आली होती, आणि त्यात ही सतरा उत्तरं परीक्षकाच्या हाती लागली. म्हणून मंडळानं मुलांना जिल्ह्याच्या गावी चौकशीला बोलावलं होतं. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं आम्ही सगळे आलो होतो. सतरा मुलं, आठ-नऊ बाप, बडगुजर सर आणि मी.

मुलांना एकेक करून आत बोलावलं. मी आणि सर भिंतीशी बसून होतो, पण बोलायची परवानगी नव्हती. तांबोळी साहेब आवाज चढवत नव्हते. उत्तर कुठं चुकलंय हेही ते मुलांना सांगत नव्हते. ते फक्त विचारत, हे उत्तर तुला कुणी सांगितलं? मुलं म्हणत, कुणी नाही. मग ते विचारत, शेजारच्यानं लिहिलेलं पाहिलंस? मुलं म्हणत, नाही. प्रत्येकजण तेच सांगत होता आणि साहेब प्रत्येकाचं तेच लिहून घेत होते. दुपारी साडेबारापर्यंत सोळा मुलं झाली. प्रत्येक 'नाही'बरोबर मुलं जास्त जास्त खोटारडी दिसायला लागली होती. मलासुद्धा.

जेवणाची सुटी झाली. कार्यालयाच्या मागं कडुनिंबाखाली मुलं डबे सोडून बसली होती. मी तिथं गेले ती रागानंच. वर्षभर जीव तोडून शिकवलं आणि ह्यांनी खिडकीतून उत्तरं घेतली, आणि घेतली ती चुकीची. सोपान महाजन नावाचा मुलगा सगळ्यात पुढं होता. मी त्याच्यापुढं कागदावर गणित मांडलं, उणे बाराखाली रेघ मारली आणि विचारलं, हे कुणी सांगितलं ते मला तरी खरं सांग.

सोपाननं कागद पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता गोंधळ होता.

"बाई, हे चुकलंय का?" त्यानं विचारलं. "तुम्हीच दिलं होतं ना, फळ्यावर? पिवळ्या खडूनं चौकट काढून."

मी नाही म्हणाले. बाकीची मुलं डब्यांत बघायला लागली. मग चंद्रकला कोळी उठली. सतरांतली तीच एक आत जायची राहिली होती. तिनं पिशवीतून बीजगणिताची वही काढली, पान उघडलं आणि माझ्या हातात दिली.

पानावर तारीख होती अकरा फेब्रुवारी. वर मथळा, 'विशेष रूपे ओळखणे'. खाली एकापाठोपाठ एक सूत्रं. दोन वर्गांची वजाबाकी, बरोबर. पूर्ण वर्ग, बरोबर. मग दोन घनांची बेरीज, आणि तिच्यापुढं (a + b)(a² − २ab + b²). खाली टीप, 'दुसरा कंस पूर्ण वर्ग आहे हे ओळखून पुढे अवयव पाडावेत.' पानाच्या तळाशी लाल शाईत बरोबरची खूण आणि सही. सही माझी होती.

अकरा फेब्रुवारी मला आठवली. त्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष दोन पाहुण्यांना घेऊन माझा तास बघायला येणार होते. कायम करायचं की नाही ते त्या तासावर ठरणार होतं. मधल्या सुटीत न जेवता मी फळा भरला होता, सूत्रांभोवती रंगीत चौकटी काढल्या होत्या. पूर्ण वर्गाचं सूत्र लिहून लगेच घनांचं लिहायला घेतलं तेव्हा हात वरच्याच ओळीवरून चालत गेला असणार. मधलं पद दुप्पट. आणि दुप्पट झाल्यावर तो कंस इतका नेटका दिसला असणार की मी खाली कौतुकानं टीपही लिहिली. नंतर एकतीस वह्या तपासल्या, एकतीस खुणा केल्या. मुलांनी माझं उतरवलेलं मी माझ्याशीच ताडून पाहत होते. त्या एकतिसांतल्या सतरांनी पेपरात पर्यायांतून हा प्रश्न निवडला होता.

मी वही घेऊन तडक बडगुजर सरांकडे गेले. ते व्हरांड्याच्या टोकाला एकटेच बसले होते. त्यांनी पान दोनदा वाचलं, सही पाहिली, वही मिटली.

"हे आत्ता कुणाला दाखवू नका," ते म्हणाले.

मी म्हटलं, सर, मुलांनी काही केलेलं नाही. ते म्हणाले, मला कळतंय. मग खालच्या आवाजात त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. मुलांचा एका विषयाचा निकाल राखून ठेवतील, ऑक्टोबरला पुन्हा बसतील, पास होतील. सहा महिन्यांचा प्रश्न. पण शिक्षिकेनंच चुकीचं शिकवलं हे सरकारी कागदावर आलं तर शाळेचं अनुदान, तपासणी, सगळंच निघेल. आणि मी तर सकाळीच उलटं लिहून सही करून बसले होते.

"वाणी बाई, तुमचा कायमचा हुकूम माझ्या टेबलावर आहे," ते म्हणाले. "फक्त सही व्हायचीय. विचार करा."

त्यांनी वही आपल्या पिशवीत घातली. मी ती परत मागितली नाही.

मी पाणी प्यायला नळाकडे गेले. तिथं चंद्रकलाचे वडील काशीराम कोळी तोंड धूत होते. तापीवर त्यांची होडी होती. आमच्या मुलांपैकी पलीकडच्या तीरावरची मुलं त्यांच्याच होडीतून शाळेला यायची. त्यांनी मला बसायला पायरी झटकून दिली, पण मी बसले नाही. आत काय चाललंय ते त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी एवढंच विचारलं की निकाल जूनला लागेल ना. चंद्रकलाला तालुक्याला अकरावी सायन्सला घालायचं त्यांनी ठरवलं होतं, राहायची सोय मावशीकडे झाली होती.

मी म्हटलं, समजा ऑक्टोबरवर गेलं तर?

त्यांनी थोडा वेळ हात पुसले. "बाई, माझा एकट्याचा विचार असता तर काही नाही," ते म्हणाले. "पण घरात माझी आई आहे, भाऊ आहेत. घरी बसलेली पोरगी सहा महिने बसत नाही. ती बसली की बसली."

आतून शिपायानं हाक मारली. चंद्रकला कोळी.

ती आत आली आणि हात मागं बांधून उभी राहिली. बारीक अंगाची, उंच, कमी बोलणारी मुलगी. तांबोळी साहेबांनी तिला बाकीच्यांना विचारलं तसं काहीच विचारलं नाही. कोपऱ्यात एक छोटा फळा होता. त्यांनी तिच्या हातात खडू दिला आणि फळ्याकडे बोट केलं. त्यावर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, ६४p³ + १२५q³.

"अवयव पाड," ते म्हणाले.

मी खुर्चीची कड धरली. तिनं वहीतल्यासारखं सोडवलं, तर ती मुलांनी मनापासून शिकलेली चूक आहे हे दिसेल. बरोबर सोडवलं, तर मग पेपरात चुकीचं कुठून आलं? आयुष्यात पहिल्यांदा मी एका विद्यार्थिनीचं गणित चुकावं म्हणून देव आठवत होते. माझ्या शेजारी बडगुजर सर मांडीवर पिशवी घेऊन बसले होते आणि वही त्या पिशवीत होती.

चंद्रकलानं पहिला कंस लिहिला, (४p + ५q). दुसरा उघडला. १६p² लिहिलं, उणे लिहिलं, आणि तिचा हात थांबला. मग तिनं लिहिलं, २०pq. अधिक २५q². कंस बंद केला. न सांगता खाली गुणाकार मांडला, मधली पदं जोडीजोडीनं एकमेकांना छेदून टाकली, आणि शेवटी उरलं ते वरच्या ओळीशी जुळतंय हे दाखवून बाजूला झाली.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. त्यांनी तिची उत्तरपत्रिका उचलली आणि शेवटचं पान तिच्यासमोर धरलं. "हे कच्चं काम तुझंच ना?"

तिनं मान हलवली.

साहेबांनी ते पान आम्हा दोघांकडे फिरवलं. सकाळी मी फक्त उत्तराचं पान पाहिलं होतं. कच्च्या कामात तेच गणित होतं, २७x³ + ८y³. दुसरा कंस उणे सहा xy, अगदी बरोबर. गुणून ताळाही पाहिलेला. आणि त्या सगळ्यावर एक तिरपी रेघ मारलेली.

"बाळ, मला हेच कळत नाही," साहेब म्हणाले. "तुझं बरोबर आलं होतं. तू ताळा घेतला होतास. मग ते खोडून चुकीचं का लिहिलंस? आपलं बरोबर उत्तर खोडून कोण चुकीचं लिहितं? ज्याला मध्येच बाहेरून कुणी सांगतं, तोच."

ती त्या तिरप्या रेघेकडे बघत राहिली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग का खोडलंस?"

तिच्या हातात खडू होता. ती तो दोन बोटांत फिरवत होती. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

"माझंच चुकलं," ती म्हणाली.

साहेबांनी सुस्कारा टाकला आणि पेन उघडलं. ते काय लिहिणार हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. तिला पण. पंधरा-सोळा वर्षांची पोर, एक वाक्य बोलून तिला सुटता आलं असतं. आणि ते वाक्य जिचं होतं ती बाई पाच फुटांवर खुर्चीची कड धरून बसली होती.

मी उठले. उठले म्हणजे काही धैर्य आलं असं नाही. मला तिथं बसवेना.

"सर, वही द्या," मी बडगुजर सरांना म्हणाले.

ते हलले नाहीत. मी पिशवीत हात घालून वही काढली. त्यांनी अडवलं नाही. मी ती साहेबांच्या टेबलावर अकरा फेब्रुवारीच्या पानावर उघडून ठेवली.

"हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं. खालची सही माझी आहे. सकाळी मी लिहून दिलं ते खोटं आहे. मला माहीत नव्हतं, पण दुपारी कळलं, आणि कळल्यावरही मी आत्तापर्यंत गप्प बसले."

साहेबांनी चष्मा लावून पान वाचलं. टीप वाचताना त्यांची भुवई थोडी वर गेली. मग त्यांनी बाहेर बसलेल्या मुलांपैकी कुणाकडे वह्या आहेत का ते विचारलं. आणखी दोघांनी आणल्या होत्या. तेच पान, तीच चौकट, तीच लाल खूण. त्यांनी तिन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि सकाळसारखाच एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"आता जे झालं ते लिहा," ते म्हणाले. "सकाळचाही कागद फायलीत राहील. तो मला काढता येणार नाही."

मी म्हटलं, राहू द्या.

मी लिहीत असताना त्यांनी एकच प्रश्न विचारला. एवढ्या वर्गात हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? मी म्हणाले, नाही आलं साहेब. कुणी काही म्हणालं नाही. त्यांनी मान हलवली, मी तेही कागदावर लिहिलं आणि सही केली.

परतीच्या एस.टी.त बडगुजर सर पुढच्या बाकावर बसले आणि गाव येईपर्यंत मागं वळले नाहीत. मुलांना मी सांगितलं की चौकशी संपली, तुमच्यावर काही नाही. ती हसायला-बोलायला लागली. काशीराम कोळी खिडकीशी झोपून गेले.

निकाल जूनमध्ये सगळ्यांबरोबरच लागला. त्या प्रश्नाचे गुण कुणाला मिळाले नाहीत, चूक ती चूकच. पण सतरापैकी पंधरा पास झाले. तक्रारीतला खिडकीतला माणूस कुणालाच सापडला नाही, बहुतेक तो नव्हताच. संस्थेनं मला दोन ओळींचं पत्र दिलं, आपली सेवा पुढे चालू ठेवता येत नाही. भांडायचा मला हक्क वाटला नाही.

मी खोली आवरत होते त्या दिवशी चंद्रकला आली. तिला बीजगणितात अठ्ठावन्न मिळाले होते. अकरावीचा अर्ज भरून झाला होता, सोमवारी ती मावशीकडे जाणार होती. तिनं गुणपत्रिका दाखवली, मी तिला गूळ-शेंगदाणे दिले. दोघी जमिनीवर बसलो. ट्रंक भरायला तिनं हात लावला. पुस्तकं भरताना बीजगणिताचं पाठ्यपुस्तक तिच्या हातात आलं. ते तिनं चाळलं नाही, नुसतं धरून ठेवलं.

मी तिला विचारलं. महिनाभर ते माझ्या डोक्यात होतं. तुझा ताळा जुळला होता, मग खोडलंस का? माझी भीती वाटली का?

"नाही बाई, भीती नाही," ती म्हणाली. मग पुस्तक मांडीवर घेऊन म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"कधी?"

"त्याच तासाला. पाहुणे बसले होते तेव्हा. मी हात वर केला आणि म्हटलं, बाई, पुस्तकात मधल्या पदाला दोन नाही. तुम्ही म्हणालात, चंद्रकला, पुस्तकात छपाईच्या चुका असतात, फळ्यावर आहे ते लिही." तिनं पुस्तक ट्रंकेत ठेवलं. "परीक्षेत ताळा जुळला तेव्हा मला वाटलं, माझ्याही ताळ्यात तशीच काहीतरी चूक असेल. ती मला दिसत नसेल."

सरकारी कागदावर मी लिहून दिलं होतं, कुणी काही म्हणालं नाही.

"चंद्रकला, मला हे आठवत नाही," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही फळ्याकडेच बघत होता."

आम्ही ट्रंक दोन बाजूंनी धरून थांब्यापर्यंत नेली. एस.टी. आली, तिनं ट्रंक वर चढवायला मदत केली आणि गाडी हलेपर्यंत उभी राहिली. पुढं मी आणखी एकतीस वर्षं शिकवलं. तो तास मी मनात कितीतरी वेळा लावून पाहिला आहे. अध्यक्षांच्या कोटाची बटणं दिसतात, चौकटीतला पिवळा खडू दिसतो, मागच्या बाकावरचे दोन पाहुणे दिसतात. तिचा वर आलेला हात मात्र अजून दिसलेला नाही.